दोन घरचा पाहुणा

आमच्या अण्णांनी रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती चोरून. तेव्हा त्यांचं वय चौदा-पंधरा असेल. थोरल्या चुलत्यांबरोबर बैलगाडीनं नगरला करडई घेऊन गेले होते. आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, कड्याच्या बाजूचं. नगर पंधरा कोस. पण त्या काळात हे पंधरा कोस म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं होतं. आम्ही निजामाचे, नगर इंग्रजाचं. मधे करोडगिरीचा नाका. तिथं मालावर जकात भरायची, पावती धोतराच्या सोग्यात बांधायची आणि मग पुढं जायचं. आमच्याकडं चालायचा हाली शिक्का, नगरात कलदार. त्यामुळं नाण्याच्या बट्ट्यातही दोन पैसे जायचेच.

नगरला चुलते आडतीवर हिशोबाला बसले आणि अण्णांना बैलांजवळ ठेवलं. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. अण्णा बैल सोडून आवाजाच्या रोखानं पळाले. दौंड-मनमाडची ती लाईन, 1878 सालापासूनची. मालगाडी चालली होती. अण्णा डबे मोजत उभे राहिले, ते शेवटचा डबा जाईपर्यंत. परत आल्यावर चुलत्यांनी एक थापड दिली. वाटेत रात्री अण्णांनी विचारलं, “काका, आपल्याकडं का न्हाई आगीनगाडी?”

चुलते म्हणाले, “आपला राजा येगळा हाय.”

ही गोष्ट अण्णांनी आम्हाला शंभरदा तरी सांगितली असेल. शेवटी म्हणायचे, “राजा गेला, पर उत्तर तेवढं ऱ्हायलं.”

निजामाच्या राज्यात रेल्वे नव्हती असं नाही. 1900 च्या सुमाराला मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडं जाणारी गोदावरी खोऱ्याची लाईन पुरी झाली. पुढं विकाराबादकडून बिदर, उदगीर करत परळीपर्यंत फाटा आला. म्हणजे बीड जिल्ह्याच्या एका टोकाला घाटनांदूर, परळी एवढीच रुळाची ओळख. बीड शहर कोरडं. गेवराई, शिरूर, पाटोदा, आष्टी कोरडं. निजामाच्या रेल्वे खात्यानं 1932 साली मोटारी सुरू केल्या, पहिल्यांदा सत्तावीस बसगाड्या होत्या म्हणतात. त्यातली एकही आमच्या गावानं पाहिली नाही.

1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हा आम्ही अजून निजामातच होतो. साडेतीन महिन्यांनी, 17 सप्टेंबरला, पोलीस अॅक्शन होऊन आम्ही मोकळे झालो. करोडगिरीचा नाका उठला. अण्णा सांगायचे की नाका उठला त्या आठवड्यात गावातली माणसं काही काम नसताना नगरला जाऊन आली. नुसतं अडवणारं कोणी नाही हे बघायला!

1953 साली नागपूर करार झाला. मराठवाड्याकडं खास लक्ष देऊ, लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा देऊ, असं त्यात लिहिलं होतं. 1960 ला महाराष्ट्र झाला. 1961 ला मुंबई राज्याची, विदर्भाची आणि मराठवाड्याची अशा तिन्ही बससेवा एकत्र होऊन आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं. लाल गाडी कड्याला, आष्टीला आली, आणि पुढं गावोगाव मुक्कामी गाडी यायला लागली. हे सरकारचं काम चांगलंच झालं, ते नाकारायचं कारण नाही. मी दहावीपर्यंत शिकलो तो त्या मुक्कामी गाडीवर. पण रेल्वेचं नाव काढलं की लोक हसायचे. आमच्या गावात न होणाऱ्या गोष्टीला “बीडची रेल्वे” म्हणायचे. पोराचं लग्न जमत नसलं तरी बाया म्हणायच्या, “त्याची आता बीडची रेल्वेच!”

हिशोब मागायचा असतो, हे मी कुठल्या पुस्तकात नाही शिकलो. 1972 च्या दुष्काळात शिकलो. मी अकरा-बारा वर्षांचा. सगळं गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामाला. पोरांना सुकडी मिळायची, रेशनला मिलो ज्वारी. अण्णा आणि आई दोघंही कामावर. आठवड्याच्या पगाराला मुकादम हजेरीपट घेऊन यायचा, अंगठा घ्यायचा आणि पैसे द्यायचा. अण्णांना वाचता येत नव्हतं. पण ते रोज संध्याकाळी घराच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायचे. पगाराच्या दिवशी मला घेऊन गेले. मुकादमाला म्हणाले, “पोरगं शाळंत जातंय. त्याला जरा पट वाचू द्या.”

मुकादम म्हणाला, “पोराला काय कळतंय?”

“न्हाई कळलं तर आपलं काय जातंय?” अण्णा म्हणाले.

मी वाचलं. भिंतीवर सहा रेघा होत्या, पटावर पाच दिवस. मुकादमानं आरडाओरडा केला नाही. गुपचूप एक दिवस वाढवला आणि म्हणाला, चुकून राहिलं. पुढच्या आठवड्यापासून आख्ख्या टोळीच्या घरांच्या भिंतींवर रेघा दिसायला लागल्या. मला वाटतं, माझं खरं शिक्षण ते.

पुढं मी दहावी केली. नवी दहावी नुकतीच सुरू झाली होती. गणितात बरा होतो, इंग्रजीत नव्हतो. घरी आलो आणि कांद्यात पडलो. कांदेवाल्याला पट्टी वाचावी लागते. आडत्याची पट्टी ज्यानं वाचली नाही त्याचा कांदा फुकट गेला. पट्टीवर वर असतो भाव, तो मोठ्या अक्षरात. खाली हमाली, तोलाई, वाराई, उचल, भाडं. सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात, आपल्या हातात येणारा आकडा. गावात येऊन माणूस वरचा भाव सांगतो. बायको तळचा आकडा विचारते.

सरकारची पट्टी वाचायची अक्कल मला यातूनच आली. पण तिच्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागली. आमची रेल्वे कोणाच्या वहीत लिहिली जाते?

1983 साली राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागं आहे, ते तिनं विषयवार मोजलं. रस्ते, सिंचन, गावची वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी असं एकेक. 1984 ला अहवाल आला. सगळ्या राज्याचा मिळून अनुशेष निघाला साधारण 3,186 कोटी. “अनुशेष” हा शब्द तेव्हापासून आमच्या पारावर आला. तोवर आम्ही म्हणायचो, आमच्यावर अन्याय झाला. आता म्हणायला लागलो, आमचे इतके इतके निघतात. दोन्हींत फार फरक आहे. अन्याय म्हटलं की पुढारी मान हलवतो. निघतात म्हटलं की त्याला आकडा द्यावा लागतो.

पण त्या यादीत रेल्वे नव्हती. असणार कशी? रेल्वे केंद्राची. राज्याच्या अनुशेषात ती बसेना. आणि केंद्राच्या वहीत नवी लाईन घ्यायची तर आधी परताव्याचा हिशोब. या लाईनवर गाड्या चालवून टाकलेला पैसा किती टक्क्यानं परत येईल? बीडला मोठा कारखाना नाही, खाण नाही, बंदर नाही. दरसाल लाखानं माणूस ऊस तोडायला बाहेर जातो, पण तो ट्रकच्या हौद्यात बसून. त्याची मोजणी रेल्वेच्या सर्व्हेत कशी धरणार? रेल्वे नाही म्हणून उद्योग नाही आणि उद्योग नाही म्हणून रेल्वे नाही. राज्य म्हणे केंद्राला विचारा. केंद्र म्हणे परवडत नाही. जुनी म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. तशी आमची गत.

मराठवाड्यात रेल्वेसाठी लढलं कोणी नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मनमाडपासूनची ती जुनी मीटरगेज लाईन रुंद व्हावी म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं वर्षानुवर्षं नेट लावला, आणि नव्वदच्या दशकात औरंगाबादला रुंद रूळ आले. ते पाहून बीडकरांनाही धीर आला. निवेदनं गेली, धरणी झाली, बंद झाले. एका कार्यकर्त्यानं भाषणात म्हटलेलं मला आठवतं, “सगळ्या देशात लोक रेल रोको करतात. आम्ही काय रोखावं? आम्हाला रस्त्यावरच बसावं लागतंय!” लोक हसले. पण हसता हसता गप्प झाले.

1995-96 च्या रेल्वे अर्थसंकल्पात नगर-बीड-परळी ही नवी लाईन मंजूर झाली. लांबी 261 किलोमीटर, खर्चाचा अंदाज 353 कोटी. बातमी आली त्या दिवशी कड्याच्या बाजारात पेढे वाटले. अण्णांनी दोन पेढे आणले, एक आईला दिला आणि मला म्हणाले, “मंजूर झाली म्हंजे पैसं आलं का?”

मी म्हणालो, “अण्णा, मंजूर झाली म्हणजे येणारच की.”

“तू पट वाचलावतास,” एवढंच म्हणाले.

मी एक वही केली. पुढच्या फेब्रुवारीपासून दरसाल रेल्वे बजेटच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर विकत घ्यायचा. त्या वेळी रेल्वेचं बजेट वेगळं असायचं; 2017 पासून ते मुख्य बजेटात गेलं. पहिल्या पानावर नव्या गाड्या, भाडेवाढ, मंत्र्यांचं भाषण. आमच्या कामाची ओळ आत कुठंतरी, कधी चौथ्या पानावर, कधी नाहीच. नसली तर तालुक्याला वाचनालयात जाऊन दुसरे पेपर बघायचे. तिथल्या ग्रंथपाल गुरुजींनी मला सांगितलं, की रेल्वेचं एक पुस्तक असतं, त्याला पिंक बुक म्हणतात. कोणत्या कामाला यंदा किती, ते त्यात लिहिलेलं असतं. भाषणात जे आहे आणि पिंक बुकात जे नाही ते वारा, असं गुरुजी म्हणायचे.

वहीत मी चार रकाने केले. मंजूर, यंदा दिले, खर्च झाले, राहिले. पहिल्या रकान्यात 353 कोटी लिहिले आणि साधा भागाकार केला. वर्षाला दहा कोटी धरले तर काम पुरं व्हायला पस्तीस वर्षं. तेही या पस्तीस वर्षांत सिमेंट, लोखंड, डिझेल, मजुरी यांचे भाव होते तिथंच थांबले तर! कांद्याचा भाव थांबतो कधी कधी, लोखंडाचा नाही. म्हणजे दहा कोटींनी ही रेल्वे पस्तीस वर्षांतही होणार नव्हती, कारण खर्च दहा कोटींहून जास्त वेगानं वाढणार होता. पुढं पळणाऱ्या बैलाचं शेपूट धरायला आपण बसून सरकत जायचं, तसलं ते गणित. आमच्या ओळीला पहिली कितीतरी वर्षं असेच लहान आकडे यायचे. आणि दर निवडणुकीत नव्यानं नारळ.

मी वही घेऊन एका सभेत उठलो. कोणाच्या ते सांगत नाही. सगळ्यांच्याच सभा सारख्या. म्हणालो, “साहेब, लाईन मंजूर आहे हे आम्हाला ठाऊक आहे. यंदा किती आले आणि पुढल्या साली किती आणणार, तेवढं सांगा.” मागून कोणीतरी ओरडलं, “बसा खाली, कांदेवाले!” लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, पाठपुरावा चालू आहे. घरी येऊन मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, पाठपुरावा चालू. पुढं तो शब्द ज्या ज्या वेळी ऐकला, त्या त्या वेळी तिथं एक रेघ ओढत गेलो. भिंतीवरच्यासारखी.

मग मोजणी आमच्या शिवारात आली. अण्णा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं होते. लाईन आमच्या विहिरीकडच्या पट्टीतून जात होती. सव्वा एकर जाणार होतं, आणि उरलेल्या रानाचे दोन तुकडे पडणार होते. धाकटा भाऊ म्हणाला, हरकत घेऊ, वळवायला लावू. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा बांधावर गेले, खुंट्या जिथं ठोकल्या होत्या तिथं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हितनं जाणार असल तर जाऊ द्या. पर पैसं मोजून घ्या.”

जमीन दिली. कब्जा गेला. भराव टाकायला सुरुवात झाली आणि थांबली. पाऊस पडला, भरावावर वेड्या बाभळी उगवल्या. शेळ्या चरायला लागल्या. मोबदल्याचा एक हप्ता आला, राहिलेल्यासाठी मी फेऱ्या घालायला लागलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसंही आता बदलली. भाऊसाहेब सांगायचे, वरून निधी आला की लगेच. वर विचारलं की सांगायचे, खालून प्रस्ताव आला की लगेच. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. मला सहा महिन्यांचा हेवा वाटायला लागला.

तोवर माहितीचा अधिकार आला होता. राज्याचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून साध्या कागदावर अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर. मी अर्ज केला. पहिला अर्ज परत आला, तुमचा विषय दुसऱ्या विभागाचा आहे म्हणून. दुसऱ्या विभागानं अर्धा तिसऱ्याकडं पाठवला. अपील केलं. शेवटी एक कागद आला. त्यावर माझ्याच वहीसारखे रकाने होते! फक्त एक रकाना मला नवा होता, “अखर्चित”. म्हणजे दिलेले, पण न खर्चलेले.

मी तो कागद गुरुजींना दाखवला. पैसा कमी मिळतो हे मला ठाऊक होतं. मिळालेलाही पडून राहतो हे ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी बसून त्याची साखळी लावली. ती अशी होती. ही लाईन परताव्यात बसत नाही, म्हणून राज्यानं अर्धा वाटा उचलायचं कबूल केलं. ठीक झालं. आता खर्च दोघांचा. पण जमीन ताब्यात घेऊन द्यायची राज्याच्या महसूल खात्यानं. मोबदला वेळेवर मिळाला नाही तर शेतकरी जमीन सोडत नाही. जमीन नाही तर रेल्वेचा ठेकेदार काम करू शकत नाही. काम नाही म्हणून रेल्वेचा पैसा पडून. मार्चअखेर आली की खर्च कमी म्हणून पुढल्या साली तरतूद कमी. आणि केंद्राचा खर्च होत नाही, मग आपण वाटा कशाला घालायचा म्हणून राज्य गप्प. दोन्ही घरं एकमेकांच्या चुलीकडं बघत बसलेली, आणि पाहुणा ओट्यावर.

दुष्ट कोणीच नव्हता यात. प्रत्येकाकडं आपापल्या पुरतं बरोबर उत्तर होतं. म्हणूनच तर ते इतकी वर्षं चाललं. आणि म्हणूनच नुसतं “रेल्वे द्या” म्हणून भागत नव्हतं. या साली जमिनीचे किती दिले, राज्यानं वाटा कोणत्या महिन्यात भरला, अखर्चित किती, हे एकाच कागदावर दोघांना विचारायला पाहिजे होतं. तसं विचारणारे हळूहळू वाढले. आमच्यासारखे बाधित शेतकरी, बीडचे वकील, पत्रकार, कृती समित्यांमधली माणसं. 2009 नंतर खासदार म्हणून गोपीनाथ मुंडे यांनी हा प्रश्न दिल्लीत लावून धरला. 2014 ला ते गेले. पुढच्या दहा वर्षांत तरतुदीचे आकडे मोठे झाले, दोन्ही सरकारांचे वाटे पडायला लागले. या तीस वर्षांत मुंबईत आणि दिल्लीत सगळ्या रंगाची सरकारं होऊन गेली. त्यामुळं श्रेय घ्यायला सगळे आहेत, आणि उशिराचा वाटा घ्यायला कोणी नाही.

माझ्या वहीतलं एक पान इथं उतरवतो.

1995: मंजूर.
2017: नगर ते नारायणडोह चाचणी, सुमारे 12 किलोमीटर. बावीस वर्षं.
2022: नगर ते आष्टी, 66 किलोमीटर. 23 सप्टेंबरला गाडी सुरू. सत्तावीस वर्षं.
2025: नगर ते बीड, 166 किलोमीटर. तीस वर्षं.
बीड ते परळी: काम चालू.

आणि पहिला रकाना. 353 कोटींचे झाले 4,805 कोटी. म्हणजे जवळजवळ साडेतेरा पट. सुरुवातीच्या अंदाजात किलोमीटरला सव्वा-दीड कोटी पडत होते, आता अठराच्या वर. राज्याचा अर्धा वाटाच 2,400 कोटींच्या पुढं गेला, मूळ अख्ख्या रेल्वेच्या पावणेसात पट. 

इथं खरं बोललं पाहिजे. हे सगळे वाढलेले पैसे कोणी खाल्ले असं मी म्हणणार नाही; मला तसं दाखवता येणार नाही. त्यातले काही आमच्याच घरात आले. 2013 चा भूसंपादनाचा नवा कायदा आला आणि जमिनीचा मोबदला वाढला, तो वाढायलाच पाहिजे होता. ज्यांच्या जमिनी आधी गेल्या त्यांना जुन्या दरानं मिळालं, शेजाऱ्याला नंतर नव्या दरानं. आमच्याच शिवारात त्यावरून भावाभावात तेढ आली. पूल वाढले, रस्त्याखालचे बोगदे वाढले, ते आम्ही मागितले म्हणूनही वाढले. पण हे सगळं धरूनही उशिराची किंमत उरतेच. ती वेगळी मोजून कुठल्या अहवालात लिहिलेली मी पाहिली नाही. मंजुरीला अंदाज असतो, कामाला अंदाज असतो, उशिराला अंदाजपत्रक नसतं. ते बीडच्या पोरानं भरलं, ट्रकच्या हौद्यात बसून.

अण्णा 2013 साली गेले. भरावावर बाभळीच होत्या तेव्हा. शेवटच्या दिवसांत खाट ओसरीवर टाकली होती, तिथून भराव दिसायचा. एकदा म्हणाले, “राहिलेलं पैसं आलं का रं?” मी म्हणालो, येतील. म्हणाले, “लिहून ठिवलंय ना?” मी हो म्हणालो. ते पैसे ते गेल्यानंतर दीड वर्षानं आले. पावती मी वहीत चिकटवली.

2022 ला आष्टीची गाडी सुरू झाली तेव्हा मी नातवाला घेऊन कड्याला पाहायला गेलो. हारतुरे, बँड, झेंडे. गाडी हलली तशी माणसं बाजूनं पळत होती, म्हातारीसुद्धा. मी पळालो नाही, गुडघे दुखतात. पण डबे मोजले. नातू म्हणाला, “आजोबा, काय मोजताय?” म्हटलं, तुझ्या पणजोबाची सवय.

चार-आठ दिवसांनी लोकांचा ओघ आटला. कारण सरळ होतं. गाडी सकाळी नगरहून निघायची, आष्टीला यायची आणि दुपारी नगरला परतायची. आमच्या माणसाला सकाळी नगर गाठायचं असतं. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, नेप्तीचा कांदा बाजार. संध्याकाळी घरी यायचं असतं. गाडी बरोबर उलटी. मग डबे रिकामे धावायला लागले आणि काही शहाणे म्हणाले, बघा, रेल्वे मागत होते, बसतंय का कोणी! परताव्याचा तोच जुना हिशोब पुन्हा दारात. आधी गैरसोयीची वेळ द्यायची आणि मग प्रवासी नाहीत म्हणून कागद रंगवायचा, हा हजेरीपटच झाला की. सहा रेघांचे पाच दिवस.

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, बीडला पहिली गाडी आली. निजामाचं राज्य गेलं त्याला त्या दिवशी सत्त्याहत्तर वर्षं झाली. टीव्हीवर बीडच्या स्टेशनात आनंदानं रडणारी म्हातारी माणसं दाखवत होते. माझ्याही डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली, अण्णा असते तर. मी काही बोललो नाही. उठून वही काढली.

नगरहून सकाळी निघून बीडला जाणारी आणि दुपारी बीडहून परत निघणारी गाडी. 166 किलोमीटरला पाच-साडेपाच तास. आमच्या कड्याहून नगरला सकाळी न्यायला अजून उपयोगाची नाही. कांद्याला मालधक्का कुठं आणि कधी, ते विचारायचं आहे. बीड-परळीच्या तुकड्याला यंदा किती, ते विचारायचं आहे.

ही सगळी वर्षं मला लोक विचारत आलेत, कांदेवाले, तुमच्या वहीमुळं रेल्वे आली का? नाही आली. वहीमुळं काही येत नसतं. हजारो माणसांनी धरलेला नेट, काही पुढाऱ्यांची धडपड, काही प्रामाणिक अधिकारी, आणि उन्हात राबलेले मजूर यांच्यामुळं आली. पण भिंतीवर रेघ नसती तर मुकादमानं सहावा दिवस दिला नसता, हेही तितकंच खरं. आपल्याकडं माणसं मागतात खूप. मोजत बसत नाहीत. मागणाऱ्याला आश्वासन देता येतं. मोजणाऱ्याला आकडाच द्यावा लागतो, आणि आकडा चुकीचा दिला तर पुढल्या साली तो तिथंच उभा असतो, मागच्या सालचं पान उघडून.

नातू आता दहावीला आहे. परवा त्याला म्हटलं, मोबाईलवर ते पिंक बुक सापडतं का बघ. त्यानं दोन मिनिटांत काढून दिलं. मी पंधरा वर्षं वाचनालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याच्यासाठी! तो इंग्रजी वाचत गेला, मी आकडे उतरवत गेलो. मधेच त्यानं विचारलं, “आजोबा, या रकान्यात काय लिहायचं?”

मी बघितलं. अखर्चितचा रकाना होता.

म्हटलं, “तो सध्या मोकळा ठेव. मार्च झाल्यावर आपण दोघं विचारू.”